काच, स्फटिक आणि नॅनोकण: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतल्या पीएच.डी.त नेमकं काय करायचं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाने “प्रगत मायक्रोस्कोपीने नॅनोकण, काच आणि स्फटिकांचा अभ्यास” असा पीएच.डी.चा विषय जाहीर केला आहे. इतक्या वेगळ्या तीन गोष्टी एका प्रबंधात कशा बसतात? चार-पाच वर्षं माणूस करतो काय, फोटो काढतो? आणि जाण्याआधी काय शिकावं?’

मी बरीच वर्षं टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करते आहे आणि पीएच.डी.च्या मुलांना तो चालवायलाही शिकवते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. या यंत्रात इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, पातळ सॅम्पलमधून आरपार जाऊन चित्र देतो.

फोटो काढणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग. मायक्रोस्कोपखाली काहीही ठेवा, तो काही ना काही चित्र देतोच. त्या चित्रात सॅम्पलचं किती, लेन्सचं किती, बीमने सॅम्पलची जी मोडतोड केली तिचं किती आणि नंतर कॉम्प्युटरवर आपण जे संस्कार केले त्यांचं किती, हे वेगळं काढता आलं की पीएच.डी. झाली असं समजा. तिन्ही पदार्थ एकत्र घेण्याचं कारणही हेच आहे. स्फटिकात अणू कुठे असायला हवेत ते आधीच माहीत असतं, त्यामुळे यंत्र आणि आपली पद्धत तिथे पारखून घेता येते. नॅनोकणात रचना असते, पण ती चार-पाच नॅनोमीटरमध्ये संपते आणि कडेला बिघडते. काचेत पुनरावृत्ती नसतेच, आणि तरीही अणू कसेही टाकलेले नसतात. तिघांना विचारायचा प्रश्न एकच: एका अणूजवळ उभं राहिलं तर किती अंतरापर्यंत पुढच्या अणूची जागा सांगता येते? स्फटिकात उत्तर सोपं, नॅनोकणात अवघड, आणि काचेत ते अजून पूर्ण मिळालेलं नाही.

स्फटिकापासून सुरुवात करू. २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे अडीच पिकोमीटर असते, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या साधारण शंभरावा भाग. मग अणू दिसायला काहीच अडचण नसावी असं वाटतं. अडचण लेन्सची होती. नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला, आणि पाचच वर्षांनी शेर्झरने गणिताने दाखवून दिलं की गोल, स्थिर क्षेत्राच्या चुंबकीय लेन्समधला गोलीय दोष, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न येणं, कधीच शून्य होणार नाही. त्यावर चालणारा तोडगा यायला जवळपास सहा दशकं गेली. हायडर, रोझ आणि उर्बान यांनी सहा ध्रुवांच्या लेन्सच्या जोड्या लावून हा दोष पुसला, आणि १९९८ मध्ये २०० किलोव्होल्टच्या यंत्राची विभेदनक्षमता, म्हणजे किती जवळचे दोन बिंदू सुटे दिसतात ते अंतर, ०.२४ वरून ०.१४ नॅनोमीटरवर आणली. स्कॅनिंग पद्धतीच्या मायक्रोस्कोपसाठी, म्हणजे स्टेमसाठी, क्रिवानेकने तेच काम वेगळ्या मार्गाने केलं. चौघांना मिळून २०२० चं काव्हली पारितोषिक मिळालं. क्रिवानेक हे नाव लक्षात ठेवा, काचेच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

आज अशा दुरुस्त केलेल्या यंत्रावर सिलिकॉनचा तुकडा नीट झोन अ‍ॅक्सिसवर आणला, म्हणजे अणूंच्या रांगा बीमच्या अगदी समांतर केल्या, की ०.१३६ नॅनोमीटर अंतरावरच्या अणुस्तंभांच्या जोड्या सुट्या दिसतात. नवीन मुलाला पहिले काही महिने मी हेच करायला लावते. अलाइनमेंट, अ‍ॅस्टिग्मॅटिझम, ड्रिफ्ट (सॅम्पल हळूहळू सरकणं), होल्डर नीट बसलाय का, खोलीचा एसी चालू-बंद झाला की चित्र कसं सरकतं, हे सगळं सिलिकॉनवर कळतं, कारण बरोबर चित्र कसं दिसायला हवं ते आधीच ठाऊक असतं. उत्तर माहीत नसलेल्या सॅम्पलवर यंत्र शिकू नये.

पण स्फटिकाचं काम म्हणजे नुसता सराव असंही समजू नका. ८ एप्रिल १९८२ ला अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये डॅन शेख्टमन झपाट्याने थंड केलेला अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजचा मिश्रधातू टीईएममध्ये पाहत होते. डिफ्रॅक्शन पॅटर्नमध्ये, म्हणजे अणूंच्या रांगांवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यांच्या नक्षीत, त्यांना दहा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं. पुनरावृत्ती असलेल्या स्फटिकात अशी सममिती बसत नाही. त्यावर सगळ्यात सोपा खुलासा म्हणजे जुळे स्फटिक: वेगवेगळ्या दिशांचे अनेक स्फटिक शेजारी-शेजारी असतील, तर त्यांचे ठिपके मिळून दहाचा भास होतो. लायनस पॉलिंग यांच्यासारखा माणूस शेवटपर्यंत हेच म्हणत राहिला. शेख्टमन यांचं मोठेपण ठिपके दिसण्यात नव्हतं. त्यांनी स्वतःच जुळे स्फटिक शोधायचा कसून प्रयत्न केला, डार्क-फील्डमध्ये (फक्त विखुरलेल्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात) पाहिलं, लहान-लहान भागांतून डिफ्रॅक्शन घेतलं, आणि जुळे सापडले नाहीत. लेख छापून यायला नोव्हेंबर १९८४ उजाडलं आणि नोबेल २०११ मध्ये मिळालं. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली. पुनरावृत्तीची अट गेली आणि ठळक, सुटे डिफ्रॅक्शन ठिपके ही खूण ठरली. शेख्टमन यांच्यासारख्या, शिस्त असलेल्या पण पुनरावृत्ती नसलेल्या पदार्थांना क्वासिक्रिस्टल म्हणतात. लेख आल्यानंतरच्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. चट्टोपाध्याय, एस. रंगनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकोनी क्वासिक्रिस्टल दाखवला. त्याच सुमारास अमेरिकेत बेंडरस्की यांनीही तो दाखवला. हे सगळं साध्या, दुरुस्ती नसलेल्या मायक्रोस्कोपवर झालं. ‘आमच्याकडे नवं मशीन नाही’ म्हणून हिरमुसलेल्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

आता नॅनोकण. पातळ कार्बन फिल्मवर सोन्याचे ५ नॅनोमीटरचे कण ठेवले आहेत असं समजा. अशा एका कणात जवळपास ४,००० अणू असतात आणि त्यातले साधारण पाव भाग पृष्ठभागावर असतात. सोन्याचा मोठा तुकडा घेतला तर रचना ठरलेली आहे. या आकारात मात्र कण बरेचदा पाच चतुष्फलकं (चार त्रिकोणी पृष्ठांचे ठोकळे) एका अक्षाभोवती चिकटवल्यासारखा वाढतो. आता गणित करा. चतुष्फलकाच्या दोन पृष्ठांमधला कोन ७०.५३ अंश, पाच जोडले की ३५२.६५. वर्तुळ पुरं व्हायला सव्वासात अंशांहून थोडं जास्त कमी पडतं. प्रत्यक्षात कणात फट नसते, म्हणजे ते सव्वासात अंश जाळीने ताण सोसून भरून काढलेले असतात. तो ताण सगळ्या कणात सारखा पसरलाय, की एखाद्या जुळ्या सीमेजवळ साठलाय? अणुस्तंभांच्या जागा काही पिकोमीटरच्या अचूकतेने मोजल्या तर सांगता येतं. हा एका प्रकरणाचा विषय आहे, आणि फार सुंदर विषय आहे, कारण त्या ताणाचा उत्प्रेरक म्हणून कणाच्या वागण्याशी थेट संबंध येतो.

अडचण कुठे येते बघा. इजिमा आणि इचिहाशी यांनी १९८६ मध्ये साधारण २ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांचा व्हिडिओ घेतला. बीमखाली कण सेकंदाच्या काही भागात एका रचनेतून दुसरीत उड्या मारत होता: आत्ता एकसंध स्फटिक, क्षणात जुळा, मग विसमुखी. मग तुम्ही एक सेकंदाचं एक्स्पोजर घेऊन ‘हा कण दशफलकी (वरचा पाच चतुष्फलकांचा) आहे’ लिहिलंत, तर ते नुसत्या कणाबद्दल झालं की कण आणि बीम या दोघांबद्दल? अशा वेळी मी एकाच कणाचे अनेक छोट्या एक्स्पोजरचे फ्रेम घ्यायला सांगते, बीम करंट निम्मा करून पुन्हा, मग अजून निम्मा करून. करंट बदलल्यावर उड्यांचा वेग बदलला तर निष्कर्षात बीमचं नाव घ्यावंच लागतं.

शिवाय चित्र सपाट असतं. कणाचे सगळे थर एकावर एक पडून आलेलं. त्रिमितीय रचना हवी तर कण वेगवेगळ्या कोनांत झुकवून चित्रांची मालिका घ्यायची आणि त्यातून कण परत उभा करायचा, म्हणजे अणुपातळीची टोमोग्राफी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जियानवेई मियाओ यांच्या गटाने २०१७ मध्ये लोह-प्लॅटिनमच्या एकाच नॅनोकणातले ६,५६९ लोहाचे आणि १६,६२७ प्लॅटिनमचे अणू असे जागेसकट मांडले. ती अणूंची यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ काही बोललेच नाही. इतकी वर्षं आपण अशा कणांच्या सरासऱ्याच सांगत होतो. पण अशा मालिकेत कण सुरुवातीला होता तसाच शेवटी राहिलाय हे दाखवणं भाग असतं. त्यासाठी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी त्याच कोनातलं चित्र पुन्हा घेऊन ताडून पाहतात.

आता काच. मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ याच भागाची आहे, त्यामुळे इथे थोडी थांबते.

१९३२ मध्ये झकारियासेनने काचेचं एक साधं चित्र मांडलं: सिलिकाच्या काचेत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन ही शिस्त स्फटिकासारखीच, पण ही चतुष्फलकं एकमेकांना जोडताना कोन वाकडेतिकडे, म्हणून जाळं पुढे अनियमित होत जातं. ऐंशी वर्षं हे कागदावरच होतं. २०१२ मध्ये कॉर्नेल आणि उल्म इथल्या गटांनी ग्राफीनवर (कार्बनच्या एक अणू जाडीच्या थरावर) चुकून तयार झालेला, चतुष्फलकांच्या दोनच थरांइतका पातळ सिलिकाचा पापुद्रा पाहिला. त्यात पाच, सहा, सात बाजूंची कडी अणुगणिक मोजता आली, अगदी झकारियासेनच्या रेखाटनासारखी. पण ते जमलं कारण तो पापुद्रा जवळजवळ द्विमितीय होता. नेहमीचं काचेचं सॅम्पल वीस नॅनोमीटर जाड धरा. त्यात बीमच्या वाटेत अणूंचे ऐंशीच्या आसपास थर येतात आणि चित्र त्या सगळ्यांची बेरीज असतं. वेडीवाकडी भोकं असलेल्या चार-पाच चाळण्या एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या, तर मधेच कुठे रांगा, कुठे फुलं दिसतात, आणि ती कुठल्याच एका चाळणीत नसतात. काचेच्या टीईएम चित्रात नेमकं हेच घडतं.

यावर एक जुना वाद आहे, तो या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. १९७२ मध्ये रूडी आणि हॉवी यांनी अस्फटिकी सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या डार्क-फील्ड चित्रांत लखलखते ठिपके पाहिले आणि ते एखाद-दीड नॅनोमीटरचे सुव्यवस्थित प्रदेश असावेत असा अर्थ लावला. अस्फटिकी पदार्थ म्हणजे बारीक स्फटिकांची रास की खरंच अनियमित जाळं, हा तेव्हाचा तापलेला प्रश्न. मग १९७६ मध्ये क्रिवानेक, गॅस्केल आणि हॉवी यांनी दाखवलं की पूर्ण अनियमित जाळ्याच्या प्रतिमानातूनही (मॉडेलमधूनही) तसलीच चित्रं निघतात. म्हणजे ठिपके खरे, पण त्यांच्यावरून स्फटिक आहेत असं म्हणता येत नाही. हॉवी यांचं नाव दोन्ही लेखांवर आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

हा सापळा आजही तसाच आहे. उलट जास्त धोक्याचा झालाय, कारण फिल्टर आता एका क्लिकवर आहेत. हे तुम्ही घरीच करून बघा. पायथनमध्ये ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा निव्वळ यादृच्छिक आकड्यांचा चौकोन तयार करा. त्याचा फूरियर ट्रान्सफॉर्म घ्या, म्हणजे चित्र वेगवेगळ्या लांबीच्या लहरींत फोडा. त्यातले सगळ्यात ठळक दोन-तीन ठिपके आणि केंद्राच्या पलीकडचे त्यांचे जोडीदार तेवढे ठेवा, बाकी सगळं पुसा आणि उलटा ट्रान्सफॉर्म घ्या. पडद्यावर स्वच्छ, देखण्या जाळीचे पट्टे येतील, जिथे अणू तर सोडाच, काहीच नव्हतं. मी परीक्षणासाठी आलेल्या लेखांमध्ये अशी ‘जाळी’ नियमितपणे बघते. कच्चं चित्र शेजारी दिलेलं नसेल, तर मी पहिल्यांदा तेच मागते.

मग काचेचं काम होतं कसं? एका चित्रावर विसंबायचं सोडून द्यायचं. ट्रेसी आणि गिब्सन यांनी १९९० च्या दशकात फ्लक्च्युएशन मायक्रोस्कोपी उभी केली. साधारण एक-दोन नॅनोमीटर रुंदीचा, जवळजवळ समांतर बीम सॅम्पलच्या शेकडो जागी टेकवायचा, प्रत्येक जागी डिफ्रॅक्शन घ्यायचं आणि जागेगणिक तीव्रता किती बदलते ते मोजायचं. काच खरोखर सगळीकडे सारखीच अनियमित असेल तर चढउतार थोडे. मधल्या पल्ल्याची काही व्यवस्था असेल, म्हणजे दहा-वीस अँगस्ट्रॉमच्या (एक-दोन नॅनोमीटरच्या) गुच्छांत अणू शिस्तीत असतील, तर ठरावीक कोनांवर चढउतार वाढतात. आणि हे मोजण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे, त्याच घनतेच्या, त्याच जाडीच्या, पूर्ण अनियमित प्रतिमानातून नक्कल करून तेवढेच चढउतार निघतात का ते बघायचं. १९७६ चा धडा तो हाच.

आता हेच काम चार-मितीय स्टेमने होतं: बीम सॅम्पलवर ओळीओळीने फिरतो आणि वेगवान डिटेक्टर प्रत्येक जागेचं अख्खं डिफ्रॅक्शन चित्र साठवतो. २५६ बाय २५६ जागा, प्रत्येकीचं २५६ बाय २५६ पिक्सेलचं चित्र, दोन बाइटचा पिक्सेल, म्हणजे एका स्कॅनचे साडेआठ जीबी झाले. एका दुपारीच डिस्क भरते. या साठ्यातून काचेतल्या स्थानिक सममिती शोधतात: या गुच्छात पाचपदरी मांडणी आहे का, सहापदरी आहे का? इथेही एक खाचखळगा आहे. पातळ सॅम्पलचं डिफ्रॅक्शन केंद्राभोवती आपोआप सममित येतं, त्यामुळे पाचपदरी मांडणी दहापदरी म्हणून दिसते, आणि बीमच्या वाटेत दोन गुच्छ एकावर एक आले की नसलेल्या सममितीही उगवतात. म्हणून जाडी मोजल्याशिवाय सममितीचा आलेख छापू नये. धातुकाचांवर, म्हणजे काचेसारखी अनियमित रचना असलेल्या धातूंवर, या रस्त्याने चांगलं काम झालं आहे. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये चार अँगस्ट्रॉमहून बारीक बीम वापरून धातुकाचेतल्या एकेका अणुगुच्छाचं डिफ्रॅक्शन घेतलं.

आणि २०२१ मध्ये मियाओ यांच्याच गटाने काच आणि नॅनोकण एकत्र आणले. आठ धातू असलेल्या, काचेसारख्या गोठवलेल्या एका नॅनोकणाची ५५ चित्रं वेगवेगळ्या कोनांतून घेऊन त्यांनी १८,००० हून अधिक अणूंच्या जागा त्रिमितीत काढल्या. धातुकाच पहिल्यांदा १९६० मध्ये कॅलटेकमध्ये सोनं-सिलिकॉनच्या मिश्रणातून केली गेली. तिच्यातले अणू एकेक करून मांडायला ६० वर्षं लागली. तरी एक गोष्ट नीट वाचा: आठ मूलद्रव्यं असूनही त्यांना अणू तीनच गटांत वेगळे करता आले, कारण आवर्तसारणीतल्या शेजारच्या मूलद्रव्यांची चमक चित्रात जवळजवळ सारखी येते. कार्बनशेजारचं सोनं डोळे मिटून ओळखू येतं. चमक अणुक्रमांकाच्या साधारण १.७ व्या घाताने वाढत असल्याने फरक ऐंशीपट पडतो. पॅलेडियम आणि चांदी मात्र शेजारी-शेजारी आली की वेगळी करता येत नाहीत. लेखकांनी ते स्पष्ट लिहिलंय. प्रबंधातही असंच लिहायचं असतं.

बीमच्या नुकसानीबद्दल आकडे देते, कारण त्याशिवाय अंदाज येत नाही. स्टेममध्ये ५० पिकोअँपिअर हा साधा, मध्यम करंट. म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ कोटी इलेक्ट्रॉन. १० बाय १० नॅनोमीटरचा चौकोन सेकंदभर स्कॅन केला, तर प्रत्येक चौरस अँगस्ट्रॉमवर ३१,००० इलेक्ट्रॉन पडतात. प्रथिनांची क्रायो-मायक्रोस्कोपी करणारे लोक संपूर्ण प्रयोगात ४०-५० वर थांबतात! सोनं किंवा सिलिकॉन हा मारा बऱ्यापैकी सोसतात. ग्राफीनमधला कार्बन अणू साधारण ८६ किलोव्होल्टच्या वर ठोकरून उडवला जातो, म्हणून तिथे ८० किंवा ६० वर काम करतात. पण सिलिकेट काचेत व्होल्टेज कमी करून भागत नाही, कारण तिथे नुकसान ठोकर बसून नाही, बंध तुटून होतं, आणि ते कमी व्होल्टेजला उलट वाढतं. सोडियम असलेली काच असेल तर सोडियम बीमपासून पळतो. तुम्ही रचना मोजता तेव्हा तिथली काच मूळ काच राहिलेलीच नसते. यावर डोस-मालिका (डोस म्हणजे एका चौरस अँगस्ट्रॉमवर पडलेले इलेक्ट्रॉन) हाच उपाय: दरवेळी नवी, न पाहिलेली जागा, डोस दुप्पट करत न्यायचा, आणि मोजमाप कुठल्या डोसपासून बदलायला लागतं ते काढायचं. प्रबंधातला प्रत्येक आकडा त्या मर्यादेच्या खालचा असावा. कंटाळवाणं काम आहे, पण बाकीच्या सगळ्या प्रकरणांचा भार त्याच्यावर असतो.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. तारापूर आणि तुर्भे (मुंबईतलं ट्रॉम्बे) इथे अणुऊर्जा खात्याचे प्रकल्प उच्च किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंद करतात. सल्फेट जास्त असलेला कचरा साध्या बोरोसिलिकेटात नीट मावत नाही, वेगळा थर होऊन बसतो, म्हणून तुर्भ्यात बेरियम बोरोसिलिकेट काच विकसित झाली. ही काच हजारो वर्षं पाणी सोसेल का, हे बरंचसं एका पातळ थरात ठरतं: पाण्याला लागलेल्या पृष्ठभागावर बोरॉन आणि सोडियम निघून जाऊन जी कातडी तयार होते तिच्यात. टीईएमने ती कातडी पाहता येते, फक्त बघताना बीमनेच सोडियम हलवलेला नाही हे आधी सिद्ध करावं लागतं.

सॅम्पल तयार करणं जाहिरातीत कधी लिहिलेलं नसतं, पण वेळ इथेच जातो. ३ मिलिमीटरची ग्रिड (सॅम्पल धरणारी जाळीदार चकती), त्यावर काही दशक नॅनोमीटर जाड किंवा त्याहून पातळ पदार्थ. आजकाल सगळे आधी फिब मागतात, म्हणजे गॅलियम आयनांच्या बीमने हवी ती चकती कोरून काढायची. ठरावीक सीमेवरचाच छेद हवा असेल तर त्याला पर्याय नाही. पण ३० किलोव्होल्टचे गॅलियम आयन सिलिकॉनच्या दोन्ही बाजूंना वीसेक नॅनोमीटरचा अस्फटिकी थर करतात. स्फटिकात तो थर वेगळा ओळखू येतो, शेवटी २ ते ५ किलोव्होल्टला घासून कमीही करता येतो. काचेत तो ओळखणार कसा? नुकसान झालेली काच आणि न झालेली काच दोन्ही अस्फटिकीच. म्हणून काचेसाठी मी आधी अगेटचा खल सुचवते. तुकडा कोरडा किंवा निर्जल अल्कोहोलमध्ये कुटायचा, थेंब ग्रिडवर सोडायचा आणि तुकड्यांच्या धारेसारख्या पातळ कडा शोधायच्या. स्वस्त, जलद, आणि आयनांचा स्पर्श नाही. नॅनोकणांची डोकेदुखी वेगळी: त्यांच्यावरचे सेंद्रिय रेणू बीमखाली जमा होतात आणि स्कॅन केलेला चौकोन काळवंडतो. धुणं, निर्वातात हलकं तापवणं, प्लाझ्मा क्लीनर या गोष्टी कंटाळा न करता कराव्या लागतात, आणि कण त्यात बदलले नाहीत हेही बघावं लागतं.

वर्षांचा हिशेब विचाराल तर, मशीनवरचे तास एकूण वेळेचा छोटा भाग असतात. स्लॉट आठवड्याला एखादा, बरेचदा रात्रीचा, कारण तेव्हा लिफ्ट आणि माणसांची वर्दळ कमी असते आणि ड्रिफ्टही निवळतो. बाकी वेळ सॅम्पल, नक्कल करणारे प्रोग्रॅम, आणि साठलेल्या डेटाशी झटापट. म्हणून येण्याआधी काय शिकावं याचं माझं उत्तर: फूरियर ट्रान्सफॉर्म हाताने सोडवता येईल इतका पक्का; व्यस्त जालक (रेसिप्रोकल लॅटिस) डोळ्यासमोर फिरवता यावं इतकं स्फटिकशास्त्र; पायथन, त्यातही मोठ्या सरण्या हाताळणं; आणि संख्याशास्त्र, ज्याकडे आपल्या एम.एस्सी.त दुर्लक्ष होतं. मायक्रोस्कोप चालवायला येत नाही याची काळजी करू नका, ते आम्ही शिकवतो. हायपरस्पाय आणि पाय-फोर-डी-स्टेम ही दोन्ही पॅकेजेस मोफत आहेत आणि सरावासाठी खुला डेटाही मिळतो.

परदेशीच जायला हवं असं नाही. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था आणि जवाहरलाल नेहरू केंद्र, मुंबईत आयआयटी आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, इथे टीईएमचं गंभीर काम होतं. बाहेर बघायचं तर अँटवर्प, युलिश, कॉर्नेल, बर्कली, मेलबर्नचं मोनॅश ही पद्धती घडवणारी ठिकाणं. पण संस्थेच्या नावापेक्षा गाइडला मुलाखतीत काय विचारता ते महत्त्वाचं. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने मशीनवर बसायला मिळतं की ऑपरेटर चित्रं काढून देतो? ऑपरेटर देत असेल तर हा विषय तिथे करू नका. कुठल्या सेटिंगवर काय बिघडलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मग विचारा: गटातल्या मागच्या विद्यार्थ्याचा कच्चा डेटा आणि विश्लेषणाचा कोड मला बघायला मिळेल का? आणि काचेवरचं काम असेल तर अनियमित प्रतिमानाशी तुलना कोण करतं, त्याच गटात होते की बाहेरच्या सहकाऱ्याकडे? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर स्कॉलरशिप थोडी कमी असली तरी मी तिथेच जा म्हणेन.